माती जरूर घाला, पण मासे घाईने सोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत घरगुती मत्स्यालयांवर आलेल्या टिपणात चालू टाकीतील खडी काढून तळाला माती घालण्याचा सल्ला दिला आहे. सल्ला मुळात योग्य आहे. मुळांवाटे अन्न घेणाऱ्या पाणवनस्पती मातीत जशा फोफावतात तशा नुसत्या खडीत फोफावत नाहीत. हरकत आहे ती वेळापत्रकाला. सकाळी खडी उपसा, दुपारी माती पसरा आणि संध्याकाळी मासे परत सोडा, असे त्यात सुचवले आहे. टाकीचा तळ एका दिवसात बदलता येतो, पण त्याच दिवशी मासे परत सोडले तर पुढच्या आठवडाभरात ते एकेक करून मरू लागतात आणि दोष मातीवर जातो. टिपणात ही दुरुस्ती व्हावी, म्हणून हे थोडे सविस्तर पत्र.

मुरलेल्या टाकीत माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून सुटणारा विषारी अमोनिया जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीच्या दाण्यांवर, लाकडावर, काचेवर चिकटून राहतात. त्यामुळे 'जुने पाणी जपून ठेवले म्हणजे टाकी मुरलेलीच राहते' ही समजूत चुकीची आहे. जुने पाणी उपयोगी पडते ते माशांना सवयीचे असते म्हणून. खडी काढताना या जिवाणूंचा मोठा वाटा बादलीतून बाहेर जातो आणि नेमक्या त्याच दिवशी आपण आत जी माती घालतो ती स्वतःच अमोनिया सोडते. म्हणजे पचवणारे कमी झाले आणि पचवायचे वाढले. सगळी काळजी घ्यायची ती या एका कारणासाठी.

'माती' या नावाखाली दोन अगदी वेगळे पदार्थ येतात, आणि टिपणात त्यांची सरमिसळ झाली आहे. एक म्हणजे पिशवीत मिळणारी, भाजून दाणेदार केलेली अ‍ॅक्वासॉइल. जपानचे ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांच्यामुळे ती जगभर पोहोचली. ती धुवायची नसते, तिच्यावर वाळू घालायची नसते. ती पाण्यातील कार्बोनेट शोषून केएच (कार्बोनेटचे माप) आणि पीएच (आम्लतेचे माप) खाली आणते आणि पहिले काही आठवडे भरपूर अमोनिया सोडते. दुसरी म्हणजे साधी बागेची माती, जिच्यावर वाळूचा थर घालावा लागतो. ही पद्धत डायना वॉलस्टॅड यांच्या नावाने ओळखली जाते. पहिलीचे दाणे दीड-दोन वर्षांत भुगा होऊ लागतात. दुसरी जास्त टिकते, पण तिची तयारी किचकट आहे आणि तयारीत कसूर केली तर ती पहिलीपेक्षा जास्त त्रास देते.

आणि माती हवीच असेही नाही. टाकीत अनुबियास, जावा फर्न आणि मॉस एवढेच असेल तर त्यांना मातीचा काही उपयोग नाही. पहिल्या दोघांचे आडवे खोड तर मातीत पुरले की कुजते. गोल्डफिश आणि मोठे सिक्लिड तळ उकरतात, त्यांच्याबरोबर माती म्हणजे रोजचा चिखल. मलावी किंवा टांगानिका सरोवरांतील सिक्लिडना जड (क्षार जास्त असलेले), अल्कधर्मी पाणी लागते, त्यामुळे अ‍ॅक्वासॉइल त्यांच्यासाठी बाद. दोन-चार अमेझॉन स्वॉर्ड किंवा क्रिप्टोकोरीनसाठी सगळी टाकी उपसण्याचीही गरज नाही. ओल्या मातीचे लहान गोळे बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावेत आणि कडक असतानाच खडीत मुळांजवळ ४-५ सेंमी खोल दाबावेत. एका वेळी तीन-चारच, आणि पुढची खेप दोन आठवड्यांनी. ज्यांना फक्त झाडे सुधारायची आहेत त्यांनी आधी हेच करून पाहावे.

तळ पूर्ण बदलायचाच असेल तर तयारी महिनाभर आधी सुरू होते, आणि तिची सुरुवात मातीपासून होत नाही. मासे जिथे काही आठवडे राहणार त्या टबापासून होते. फिल्टर एक आणि जागा दोन, अशी इथे खरी अडचण असते. माशांना टबात मुरलेला फिल्टर हवा, कारण ते तिथेही अमोनिया सोडत राहणार. नव्या मातीच्या टाकीलाही मुरलेला फिल्टर हवा. म्हणून बदलाच्या चार ते सहा आठवडे आधी चालू टाकीतच हवेच्या पंपावरचा एक साधा स्पंज फिल्टर जोडून ठेवावा. तेवढ्या दिवसांत त्यात जिवाणू वस्ती करतात. बदलाच्या दिवशी तो माशांबरोबर टबात जातो आणि मोठा फिल्टर टाकीकडे राहतो. इतका वेळ नसेल तर मोठ्या फिल्टरमधले माध्यम (जिवाणू ज्यावर राहतात तो स्पंज वगैरे) निम्मे-निम्मे वाटून घ्यावे. मात्र मग टबात खाद्य एक दिवसाआड, तेही चिमूटभरच. टबात मूळ टाकीच्या निदान निम्मे पाणी मावावे, त्यावर जाळी किंवा झाकण असावे (नव्या जागी मासे हमखास उड्या मारतात), हीटर लागत असेल तर तोही असावा आणि टबाला कधीही साबण लागलेला नसावा.

आता माती. बागेची माती घ्यायची ती खत न घातलेली, कीटकनाशक न फवारलेली. कुंड्यांसाठी मिळणारी तयार मिश्रणे टाळावीत: त्यातले पर्लाइट आणि कोकोपीट तरंगत वर येते, आणि हळूहळू विरघळणाऱ्या खताचे रंगीत मणी पाण्यात महिनोन्महिने नायट्रोजन सोडत राहतात. शेणखत आणि गांडूळखत 'नैसर्गिक' म्हणून घालण्याचा मोह अनेकांना होतो. पाण्याखाली हवा नसताना ते कुजते आणि तळ सडवते. भिजली की फुगणारी, वाळली की भेगाळणारी चिकण मातीही एकटी वापरू नये, कारण तिच्यातून पाण्याची आणि वायूची ये-जा होत नाही. भुसभुशीत दुमट मातीत दहावा भाग चिकण माती मिसळली तर मात्र फायदा होतो; पोषक द्रव्ये धरून ठेवण्याचे काम तीच करते.

ही माती तशीच टाकीत घालू नये. मोठ्या घमेल्यात ती पाण्यात एक-दोन दिवस भिजत ठेवावी, वर तरंगणाऱ्या काड्या-पाने काढून टाकावीत, वरचे पाणी निथळून टाकावे आणि माती पातळ पसरून वाळवावी. वाळली की पुन्हा भिजवावी. असे चार वेळा केले की सहज कुजणारा भाग कुजून संपतो, अमोनिया नायट्रेटमध्ये बदलतो आणि निथळलेल्या पाण्याबरोबर निघून जातो. शेवटी २-३ मिमी छिद्रांच्या चाळणीतून चाळावी. हा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच वगळला जातो, पण टाकीत सहा आठवडे चालणारी कटकट घमेल्यात उरकण्याचा हा एकच मार्ग आहे.

माती तयार झाली की नाही हे ओळखण्यासाठी बरणीची चाचणी करावी. काचेच्या बरणीत १०० मिली माती, तिच्यावर २ सेंमी धुतलेली वाळू आणि हलक्या हाताने वरून १ लिटर क्लोरीन काढलेले पाणी. बरणी उन्हापासून दूर ठेवावी आणि सातव्या दिवशी पाण्यातला अमोनिया मोजावा. माती आणि पाण्याचे हे प्रमाण खऱ्या टाकीतल्या प्रमाणाच्या जवळपास असते, आणि बरणीत फिल्टर नाही, झाडे नाहीत. म्हणजे जो आकडा येतो तो वाईटात वाईट स्थितीचा. लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत आला तर माती तयार आहे. ३-४ आला तर आणखी दोन वेळा भिजवून वाळवावी. बरणी हलवल्यावर अंड्यासारखा सडका वास आला तर ती माती सरळ बागेत परत टाकावी.

प्रमाणे एका ठरावीक टाकीवरून सांगतो: ६० × ३० × ३६ सेंमी, म्हणजे काठोकाठ भरली तर ६५ लिटर. अडीच सेंमी मातीला ६० × ३० × २.५, म्हणजे साडेचार लिटर माती लागते. तिच्यावर ३ सेंमी वाळूला ५.४ लिटर, वजनाने साडेआठ किलोच्या आसपास. माती ३ सेंमीपेक्षा जाड करू नये; खालचा भाग हवेविना सडतो आणि झाडांना त्याचा जादा लाभ होत नाही. वाळूचा दाणा १ ते २ मिमीचा हवा. पिठासारखी बारीक वाळू दडपून बसते आणि खालचे वायू कोंडते. ५ मिमीची खडी घातली तर माती फटींतून वर झिरपत राहते. जुनी खडी २-३ मिमीची असेल तर तीच, टाकीच्या काढलेल्या पाण्यात खळबळून, वाळूऐवजी वापरता येते आणि त्यात जिवाणूही वाचतात. अ‍ॅक्वासॉइलचा हिशेब सोपा आहे: ९ लिटरची पिशवी या टाकीत सरासरी ५ सेंमी थर देते, पुढे ३ आणि मागे ७ असा उतार छान दिसतो.

बदलाच्या आदल्या दिवशी माशांना खाद्य देऊ नये, आणि आधीच्या दोन आठवड्यांत फिल्टर धुऊ नये. त्या दिवशी सर्वांत आधी हीटर बंद करावा आणि वीस मिनिटे तसाच पाण्यात राहू द्यावा; तापलेली काच उघडी पडली की तडकते. मग वरचे स्वच्छ पाणी सायफनने टबात घ्यावे. गाळाचे पाणी घेऊ नये. झाडे आणि लाकूड बाहेर काढून, पाणी बरेच खाली आले की मासे पकडावेत. लोच आणि मागूर जातीचे मासे लाकडाच्या पोकळीत लपून बाहेर येतात, तेव्हा लाकूड बाजूला टाकण्यापूर्वी आत पाहावे. सगळे मासे बाहेर निघेपर्यंत खडीत हात घालू नये, ही अट काटेकोर पाळावी. वर्षानुवर्षे साचलेल्या गाळात अमोनिया असतो, कधी हायड्रोजन सल्फाइडचे कप्पे असतात, आणि खडी उकरताच ते सगळे एकदम पाण्यात येते. माशांसह खडी उपसणाऱ्यांचे मासे तासाभरात आडवे होतात ते याच कारणाने.

या सगळ्या वेळात मोठा फिल्टर बंद पडून राहता कामा नये. टाकीचे पाणी भरलेल्या बादलीत त्याच्या दोन्ही नळ्या सोडून तो चालू ठेवावा. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी थांबले की आतला ऑक्सिजन काही तासांत संपतो, जिवाणू मरू लागतात आणि नंतर तोच फिल्टर सुरू केला की सगळी घाण टाकीत ओतली जाते. स्पंज फिल्टर टबात हवेच्या पंपावर लगेच चालू करावा.

खडी प्लॅस्टिकच्या डब्याने उपसावी. धातूचे उलथने सिलिकॉनचा जोड सोलते. थोडेही पाणी किंवा खडी आत असताना टाकी सरकवू किंवा उचलू नये, जोड तिथेच सुटतात. मोठे दगड ठेवायचे असतील तर ते माती घालण्याआधी, तळाच्या काचेवर पातळ प्लॅस्टिकची जाळी अंथरून तिच्यावर ठेवावेत. मातीवर ठेवलेला दगड खचतो, आणि त्याच्याखालची माती सडते. जुन्या खडीतील किलो-दीड किलो जाळीच्या पिशवीत भरून महिनाभर नव्या टाकीच्या कोपऱ्यात ठेवावी. दिसायला वाईट, पण जिवाणूंचे बियाणे म्हणून उत्तम.

माती ओलसर करून घालावी, चिखल करून नव्हे. मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला तर फुटावा, इतपत. चारही काचांपासून दोन-तीन सेंमी मोकळे सोडून ती पसरावी आणि मोकळी पट्टी वाळूने भरावी. नाहीतर पुढच्या काचेतून मातीची रेघ दिसते आणि उजेड लागून तिथे शेवाळ धरते. वाळू मात्र निथळणारे पाणी नितळ येईपर्यंत धुतलेली हवी. वाळूचा थर बसला की चार-पाच सेंमी पाणी घालून लावणी करावी. मुळे मातीपर्यंत पोहोचावीत आणि खोडाचा गड्डा वाळूच्या वर राहावा. पहिल्याच दिवशी तळाचा तीन चतुर्थांश भाग झाडांनी भरलेला हवा, नंतर हळूहळू भरू हा विचार इथे महागात पडतो. वॅलिसनेरिया, हायग्रोफिला, हॉर्नवॉर्ट यांसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या जाती अमोनिया थेट शोषून घेतात; दिसायला साध्या असल्या तरी पहिले दोन महिने टाकी तीच सावरतात. क्रिप्टोकोरीनची पाने बदलानंतर विरघळून जातात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. गड्डा शाबूत असेल तर नवी पाने येतात. गड्डा उपटून पाहू नये.

भरताना तळावर प्लॅस्टिकचा कागद अंथरून बारीक नळीने पाणी सोडावे. ६० सेंमीच्या टाकीला पाऊण ते एक तास लागला पाहिजे. दहा मिनिटांत भरली असेल तर माती वर आलीच म्हणून समजा. पाणी गढूळ झाले तर फिल्टर सुरू करण्यापूर्वीच ते काढून पुन्हा भरावे. चिकण मातीचे कण एकदा फिल्टरच्या स्पंजात बसले की प्रवाह निम्म्यावर येतो. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे जंतुनाशक संयुग) घातलेले असेल तर ते रात्रभर हवा सोडून जात नाही. त्यासाठी क्लोरीन काढणारे औषध लागतेच.

यापुढचे काम मोजमापाचे. अमोनिया, नायट्राइट, पीएच आणि केएच एक दिवसाआड मोजून वहीत लिहावेत. अ‍ॅक्वासॉइलच्या टाकीत पहिल्या आठवड्यात अमोनिया लिटरला २ ते ४ मिलिग्रॅमपर्यंत गेला तर नवल नाही. टाकीत मासे नसल्याने तो जिवाणूंचे खाद्य ठरतो. २ च्या वर गेला की निम्मे पाणी बदलावे. रोजचा प्रकाश सहा तासांच्या वर नको; अमोनिया आणि जास्त उजेड एकत्र आले की शेवाळ हटत नाही. आणि आकडा तीन आठवडे एकाच जागी अडून राहिला तर आधी पीएच पाहावा. तो ६ च्या खाली गेला असेल तर जिवाणूंचे काम जवळपास थांबलेले असते. थोडे जड पाणी मिसळून केएच २-३ वर आणला की आकडा हलू लागतो. बाजारातल्या बाटलीबंद जिवाणूंनी हे काम होत नाही.

मासे आत असताना हेच पाणी बदलणे कसे अंगाशी येते, हे आकड्यांतच पाहावे. टेस्ट किट दाखवते तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी, मुक्त भाग पीएचवर ठरतो. पीएच ६.३ असताना एकूण अमोनिया २ मिलिग्रॅम असेल तर २५ अंश तापमानाला मुक्त भाग ०.००२ मिलिग्रॅमच्या आसपास भरतो, मासे निवांत पोहत असतात. आकडा पाहून मालक घाबरतो आणि ८ पीएचचे निम्मे पाणी घालतो. एकूण अमोनिया १ वर येतो, पण पीएच ७.५ वर चढतो आणि मुक्त भाग ०.०१७ होतो. किटवरचा आकडा निम्मा झाला आणि विष आठपट झाले. 'पाणी बदलले आणि मासे मेले' या तक्रारींमागे अनेकदा हेच असते. मासे आत असतील तर एका वेळी १०-१५ टक्केच पाणी, तेही आतल्या पीएचला जुळणारे घालावे.

गढूळ किंवा रंग बदललेल्या पाण्याचे चार प्रकार असतात आणि चौघांचे उपाय वेगळे. तपकिरी, आरपार न दिसणारे आणि झाडांच्या पानांवर पूड बसवणारे पाणी म्हणजे चिकण मातीचे कण. फिल्टरच्या तोंडाशी बारीक कापूस लावावा आणि तो रोज बदलावा. तांबूस पण नितळ पाणी म्हणजे मातीतील ह्युमिक द्रव्ये. ती माशांना अपाय करत नाहीत, रंग नको असेल तर सक्रिय कोळसा वापरावा. दुधाळ पांढरे म्हणजे जिवाणूंचा बहर. तो चार-सहा दिवसांत आपोआप ओसरतो, तोवर हवा भरपूर द्यावी आणि काहीही धुऊ नये. हिरवे म्हणजे सूक्ष्म शेवाळ. त्यावर तीन दिवस पूर्ण अंधार.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाळूतून बुडबुडे येऊ लागतात. बहुतेक वेळा तो कार्बन डायऑक्साइड, मिथेन किंवा नायट्रोजन असतो आणि त्याला वास नसतो. मुळे पसरली की दोनेक महिन्यांत थांबतो. बुडबुडा फुटताना सडक्या अंड्याचा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड. पातळ काडीने दोन-तीन सेंमी अंतरावर टोचून तो मोकळा करावा, पण एका दिवशी तळाच्या तिसऱ्या हिश्श्यातच, आणि हवेचा पंप चालू ठेवून. उपटलेल्या झाडाची मुळे काळी आणि लिबलिबीत असतील तर थर जाड झाला आहे किंवा वाळू फार बारीक आहे. तळात राहणाऱ्या शंकूच्या आकाराच्या मलेशियन गोगलगायी वाळू हलती ठेवतात. त्या वाढतात फार, ही त्यांची खोड सोसावी लागते.

मासे परत कधी सोडायचे? पाणी न बदलता सलग तीन दिवस अमोनिया आणि नायट्राइट शून्य, आणि पीएच स्थिर, तेव्हा. नीट तयार केलेल्या बागेच्या मातीला दोन-तीन आठवडे, अ‍ॅक्वासॉइलला तीन ते सहा आठवडे धरावेत. दिवस मोजून सोडू नये, आकडे पाहून सोडावे. टबातले पाणी जुने आणि बहुधा जड, टाकीतले नवे आणि आम्ल. त्यामुळे आधी पाच दिवस टबातले २० टक्के पाणी रोज काढून तिथे टाकीचे पाणी घालावे. पाचव्या दिवशी टबातले दोन तृतीयांश पाणी टाकीचे झालेले असते आणि माशांना धक्का बसत नाही. आधी एक तृतीयांश मासे सोडावेत, आठवड्याने आकडे तपासून उरलेले. टबातला स्पंज फिल्टरही त्यांच्याबरोबर टाकीत यावा आणि महिनाभर तिथेच राहावा.

सोडल्यावर मासे पृष्ठभागाशी तोंडे काढत असतील तर वेळ पाहावी. फक्त पहाटे असे होत असेल तर ऑक्सिजन कमी पडतो आहे: कुजणारी माती तो खाते आणि रात्री झाडेही श्वसनासाठी तोच घेतात. रात्रभर हवेचा पंप चालवला की प्रश्न मिटतो. दिवसभर होत असेल तर नायट्राइट मोजावा. तो निघाला तर १०० लिटरला १० ग्रॅम साधे मीठ विरघळवून घालावे. मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. एवढ्या मिठाने झाडे बिघडत नाहीत. नायट्राइट मात्र पाणी बदलूनच कमी करावा.

पुढच्या देखभालीत दोनच गोष्टी बदलतात. सायफनची नळी वाळूत खुपसायची नाही, वाळूच्या एक-दोन सेंमी वर धरून फक्त वरचा कचरा ओढायचा. आणि झाड उपटायचे नाही. वाढलेली खोडे कात्रीने कापावीत. अमेझॉन स्वॉर्डसारखे मोठे झाड काढावेच लागले तर बुंध्याभोवती पाच सेंमी अंतरावर लांब पात्याच्या सुरीने गोल कापून मुळे तोडावीत, दुसऱ्या हाताने सायफनचे तोंड बुंध्याशी धरावे आणि झाड इंचाइंचाने वर घ्यावे. उडणारी माती नळीतूनच बाहेर जाते. राहिलेल्या खड्ड्यात रुंद नळीतून दोन मुठी धुतलेली वाळू सोडावी, आणि दुसऱ्या दिवशी अमोनिया एकदा मोजावा.

आपला,
मत्स्यालय आणि पाणवनस्पतींचा छंद असणारा एक वाचक